दोनशे नव्वद नावं

अकरा सेकंद. लिफ्ट पुन्हा चालू झाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या माणसानं सांगितलं, अकराच सेकंद हो, खाली तळघरात बोर्ड बदलतायत, काळजी करू नका. काळजी कोण करतंय! पण ओरिन हॅस्केटचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि छातीशी धरलेल्या फायलीच्या कडा त्याच्या बोटांनी दुमडून टाकल्या होत्या. दिवा गेला त्याचं काही नाही, अंधाराची त्याला कधीच भीती वाटली नव्हती. पंखा थांबला, तिथं सगळं बिघडलं. लिफ्टच्या छतात एक पंखा घूं घूं करत असतो हे वीस वर्षांत त्याच्या कधी ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. तो थांबला आणि मग कळलं की होता. शेजारी कॉफीचा कागदी पेला धरून उभी असलेली बाई हसून म्हणाली, "गेली वाटतं!" आणि ओरिनच्या तोंडातून काहीतरी निघून गेलं. दिवा आल्यावर त्या बाईनं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. "काय म्हणालात?" "कुठं काय. काही नाही," तो म्हणाला. पण म्हणाला होता. एक चादर, दोन चादर, तीन चादर. पन्नाशीचा माणूस, पायात लोखंडी पट्टी, गळ्यात टाय, अमेरिकेच्या संसदेत नोकरी, आणि लिफ्टमध्ये चादरी मोजतोय. बाईनं काय समजावं!

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. संगमरवराचा गार स्पर्श मानेला बरा वाटला. त्याला शांतता सोसत नसे, हे खरं. झोपतानासुद्धा खोलीत पंखा लागायचा, जानेवारीत बर्फ पडत असलं तरी. बायको होती तोवर कुरकुरायची. पुढं ती राहिली नाही, पंखा राहिला. लहानपणी पाइन लँडिंगच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर, पोलिओच्या वॉर्डात, चार लोखंडी पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीत एक मूल होतं. डोकं तेवढं बाहेर, बाकी सगळं आत. पेटीच्या टोकाला चामड्याचा भाता. तो विजेवर हलायचा, आत ओढायचा, बाहेर सोडायचा, आणि ते ओढणं-सोडणं म्हणजेच श्वास. सहा वर्षांच्या ओरिनला वाटायचं सगळ्या जगाचा असाच आवाज असतो. बावन्न साली मार्चमध्ये टॅलो नदी बांध फोडून गावात शिरली आणि दुपारी चारला तो आवाज थांबला. एकदम. चारही पेट्यांचा एकदम. त्या शांततेत त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही श्वास लागतो. डोक्यावर तिरका आरसा होता, त्यात त्याला वॉर्ड उलटा दिसे. पांढऱ्या टोप्या पळताना दिसल्या, पहिल्या पेटीकडं, दुसऱ्या, तिसऱ्या. त्याची चौथी, जिन्याजवळची, कोपऱ्यातली. आरसा काळसर होत चालला होता. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी वर आलं, कोपरापर्यंत ओले हात, सोड्याचा आणि खळीचा वास. भात्याच्या दांड्याला ते हात पडले आणि त्याच्या छातीत हवा आली. "एक चादर," ती म्हणाली. "दोन चादर. बघतोस काय माझ्याकडं? तू तुझं काम कर, मी माझं करते. तीन चादर."

एकतीस तास वीज आली नाही. पुढं वर्तमानपत्रात आलं, अकरा परिचारिकांनी आळीपाळीनं हातानं भाते चालवून चार मुलं जगवली. अकरा नावं, अकरा फोटो, अकरा पांढऱ्या टोप्या.

ओरिननं रुमालानं मान पुसली आणि समितीच्या खोलीकडं निघाला. दहाची वेळ दिली होती. समितीची मिस केटरिंग आज पाठिंबा देणाऱ्या खासदारांची नावं तपासणार, दोनशे नव्वद भरली की सुवर्णपदकाचं बिल शेवटच्या यादीत जाणार, यादी अकराला वर जाणार, बाराला सभागृह बसणार आणि संध्याकाळी या दोन वर्षांच्या सभेचं सूप वाजणार. जे राहिलं ते मेलं. जानेवारीत नवी सभा, नवे नंबर, नावं शून्यापासून. पण पुढच्या जानेवारीत कोण असणार होतं? त्याचे खासदार टॉलिव्हरसाहेब या वेळी निवडणुकीला उभेच नव्हते राहिले. त्यांच्या जागी येऊ घातलेल्या गृहस्थांना पाइन लँडिंग नकाशात बोट ठेवून दाखवावं लागलं असतं. आणि त्या चादरी मोजणाऱ्या मिस इडेलाला चौऱ्याऐंशी लागलं होतं. म्हणजे आज, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते. तरी मनाचं काय चाललं होतं कुणास ठाऊक. आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

वळणावर लेनी भेटला. ढेरपोट्या, मेन राज्यातल्या कुणा खासदाराचा माणूस. गेली सहा वर्षं तो दीपगृहांच्या रखवालदारांसाठी चांदीचं नाणं निघावं म्हणून दारोदार फिरत होता. वर्षाला दोनच नाणी निघतात आणि मागणारे साठ. लेनीचं नाणं दरवेळी दीडशे नावांच्या आसपास अडकायचं.

"काय ओरिन! आज बार उडणार म्हणे तुझा?"

"बघू. नावं तर. भरली आहेत."

"भाग्यवान आहेस लेका. माझे दीपगृहवाले बसलेत समुद्राकडं तोंड करून. तुझ्या साहेबाचं नाव दिलं होतंस, आठवतं ना? त्याच्या बदल्यात मी तुला आमची तीन दिली. तीन! कधी फेडणार?"

"पुढच्या जन्मी."

"पुढच्या जन्मी मी कोळी होणार. सह्या मागत फिरणार नाही." लेनीनं खिशातून मूठभर शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवले. जॉर्जियाच्या खासदारांच्या कचेरीबाहेर फुकट मिळायचे ते. "खा. तोंड बघ कसं झालंय. लग्नाच्या दिवशी नवऱ्याचं असतं तसं."

असंच चालायचं सगळं. तू माझ्या नाण्याला नाव दे, मी तुझ्या पदकाला देतो. टॉलिव्हरसाहेबांच्या नावानं ओरिननं कशाकशाला पाठिंबा दिला होता! मधमाशीपालकांचं नाणं, कुठल्याशा पुलाच्या शताब्दीचं नाणं, एका घोड्याला पदक. घोड्याला! घोडाही नापास झाला बिचारा. नापास झालेल्या नाण्यांची चित्रं लेनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवी. कलावंतांनी हौसेनं काढून दिलेली, गोल गोल, खाली साल घातलेलं. साल उलटून गेलं की चित्र तसंच राहायचं, न निघालेल्या नाण्याचं. ओरिनला त्या टेबलाशी बसवत नसे. त्याच्याकडंही एक चित्र होतं. त्यात पेटी होती, भाता होता आणि दांड्यावर हात होते, नुसते हात. चेहरा कुणाचा काढू, असं कलावंतानं विचारलं तेव्हा ओरिन म्हणाला होता, हात पुरे. चेहरा त्यानं उलटाच पाहिलेला, आरशातून. तो काय सांगणार?

आठ वर्षांपूर्वी ते पिवळं कात्रण घेऊन तो साहेबांसमोर उभा राहिला होता. आपल्याच मतदारसंघातली गोष्ट आहे, म्हणाला, या बायांना सुवर्णपदक मिळायला हवं. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. "झकास आहे रे. अकरा जणी?" "बारा," ओरिन म्हणाला. "पेपरात तर अकरा दिल्यात." "पेपर चुकला." "तुला काय ठाऊक? तू सिनसिनाटीचा ना?" होय, म्हणाला तो, सिनसिनाटीचाच. खोटं नव्हतं. पूर ओसरल्यावर वडिलांनी त्याला पेटीसकट तिकडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि मग घरच तिकडं गेलं. पण खरंही नव्हतं. पायातली पट्टी सगळ्यांना दिसायची. त्याच्या पिढीत तशी पट्टी पुष्कळांच्या पायात. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन वर्षांत पदक मिळालं असतं, हे त्यालाही कळत होतं. जगलेलं मूल सूट घालून समितीपुढं बसलं असतं, फोटो निघाले असते, खासदारांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण मग तिला कळलं असतं. आणि तिनं सांगितलं असतं.

काय सांगितलं असतं? तेच तर. वॉटर स्ट्रीट पहिल्या तासात बुडाली होती. नदीकाठची काळ्या लोकांची वस्ती, दवाखान्याच्या धुणावळीत, लाँड्रीत, काम करणाऱ्या सगळ्या तिथल्याच, तीही. जुन्या अंकात त्यानं वाचलं होतं, वॉटर स्ट्रीटवर सात बुडाले. नावं दिली नव्हती. तेवढी तसदी त्या काळी कोण घेतो. त्या सातांत तिचं कोण होतं? ती त्याच्या पेटीशी उभी राहून चादरी मोजत होती तेव्हा घरी कोण होतं? मूल? नवरा? पाइन लँडिंगमधल्या सतरा चर्चना फोन करून त्यानं तिला शोधून काढलं. इडेला प्रुइट, मुक्काम वृद्धाश्रम. पहिल्याच फोनला हा प्रश्न जिभेच्या टोकावर होता. विचारला नाही. त्याऐवजी म्हणाला, मी टॉलिव्हरसाहेबांच्या कचेरीतून बोलतोय, एक बिल मांडायचंय. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन. आज इतकी नावं झाली, मिस इडेला. आज इतकी. अस्सं, म्हणायची ती, बरं. मग हवेची चौकशी व्हायची, दाढेची, आश्रमातल्या पांचट सुपाची. आठ वर्षं, चार बिलं. पहिलं एकशे दहावर मेलं, दुसरं एकशे नव्वदवर, तिसरं दोनशे एकसष्टवर. दरवेळी तो तिला सांगायचा आणि दरवेळी ती म्हणायची, "असू दे हो. पुढच्या वेळी." त्यालाच धीर देत असल्यासारखी.

मिस केटरिंगच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत कागदांचे गठ्ठे होते. साठीची बाई, मानेला साखळीनं चष्मा बांधलेला, समितीत तिचा शब्द शेवटचा. खासदार येतात जातात, मिस केटरिंग तिथंच असते. तिनं ओरिनला बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभीच राहिली.

"ओरिन, तुमची किती म्हणता?"

"दोनशे नव्वद. बरोब्बर."

"माझ्याकडं दोनशे शहात्तर आहेत."

तो हसला. हसणं आपोआप आलं. त्यानं फायलीतून वही काढली, पानं उलटली, बोट ठेवलं. "जुलैची चौदा. हे बघा. माझ्या हातानं. लिहिलीत मी."

"तुम्ही लिहिलीत, मी कुठं नाही म्हणते? पण छापील नोंदीत ती कुठं गेलीत ते बघा." तिनं एक कागद पुढं सरकवला. त्या चौदा खासदारांची नावं होती खरी, ओळीनं, एकही गाळलेलं नाही. वर बिलाचा नंबरही होता आणि खाली टॉलिव्हरसाहेबांची सही. फक्त तो नंबर पदकाचा नव्हता. साहेबांचं दुसरं एक बिल होतं, टर्की कोंबड्यांच्या खाद्यावरचा आयातकर कमी करावा म्हणून. दोन्हींचे फॉर्म एकाच खणात असायचे, एकाच रंगाचे, नंबर हातानं घालायचा. वीस वर्षं ओरिन असले फॉर्म भरत आला होता, आधी दुसऱ्या साहेबांकडं, मग यांच्याकडं. नव्या पोरींना तोच बजावायचा, नंबर आधी घाला, मग मोठ्यानं वाचा, मग नावं लिहा.

"टर्कीचं बिल लागलंय यादीत," मिस केटरिंग हळूच म्हणाली. "तुमच्या चौदा नावांनी बळ आलं त्याला."

"आत्ता नवा फॉर्म. भरतो. साहेबांची सही. दहा मिनिटांत आणतो."

"आणाल हो. पण घेणार कोण? सभागृह बसल्याशिवाय फॉर्म आत घेत नाहीत, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? सभागृह बाराला बसणार. यादी अकराला जाणार." तिनं चष्मा काढून पुसला. "एक तास, ओरिन. एका तासानं चुकलं. मी रात्रीपासून विचार करतेय काही वाट निघते का. एकाला सूट दिली तर बाहेर साठ जण उभे आहेत, प्रत्येकाकडं म्हातारं माणूस आहे."

तिचा राग करावा असं काही नव्हतं. ती बरोबरच बोलत होती, आणि तेच लागत होतं. "चुकी माझीच," तो म्हणाला. मिस केटरिंगनं त्याच्या हातावर हात ठेवला, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि लगेच काढून घेतला.

परत जाताना त्यानं लिफ्ट टाळली. जिना. पट्टीचा पाय आधी, मग दुसरा, मग कठडा. चार पायऱ्या आणि थांबा. जुलै. तो सोमवार त्याला लख्ख आठवत होता. वृद्धाश्रमात फोन लावला तर तिथल्या मुलीनं सांगितलं, मिस प्रुइटना हलवलंय, छातीत पाणी झालंय, ऑक्सिजन लावलाय. फोन कानाला, दुसऱ्या हातात पेन, समोर फॉर्म, आणि मुलगी सांगत होती, बोलता येत नाही त्यांना. त्याच मिनिटाला नंबर घातला असणार. माणूस घाबरला की चुकतो. इथवर ठीक. कुणीही समजून घेईल. पण पुढं? पुढचे दोन महिने छापील नोंद बघितली नाही ती का? दर आठवड्याला बघणारा माणूस! ती तर ऑगस्टमध्ये बरी होऊन आली होती. सप्टेंबरच्या सोमवारी खणखणीत आवाजात म्हणाली, मेले नाही अजून, कळवा तुमच्या साहेबांना. मग? वहीत दोनशे नव्वद लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि नोंद उघडली नाही. का रे? जिन्यात कुणी नव्हतं आणि त्यानं स्वतःलाच विचारलं, का रे? पास झालं असतं तर काय झालं असतं? समारंभ. फुलं. बँड. पदक तिच्या हातात. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी? फोन उचलून काय सांगणार होतास? तो पुन्हा थांबला. हात चुकला की मन, हे काही केल्या ठरेना. त्यानं खिशातले लेनीचे शेंगदाणे तोंडात टाकले, तेही खवट निघाले.

टॉलिव्हरसाहेब खोक्यांच्या ढिगात बसले होते. भिंतीवरची चित्रं उतरवलेली, तिथं फिक्या चौकोनांचे डाग. ओरिनला बघताच खुशीत ओरडले, "अरे, टर्कीचं बिल लागलं यादीत! कुणाला वाटलं होतं? जाता जाता एक तरी पदरात पडलं बघ!" मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला. ओरिननं सांगितलं. काही लपवलं नाही. साहेबांनी फोन उचलून वरच्या पुढाऱ्याच्या कचेरीत लावला. गोड बोलले, आवाज चढवला, पुन्हा गोड बोलले, आणि ठेवला.

"नियम म्हणजे नियम म्हणे. सोळा वर्षं काढली इथं, ही किंमत!" खुर्ची वळवून ते खिडकीकडं बघत राहिले. "रागावणार नाही मी तुझ्यावर. तुझ्याशिवाय हे बिल कुणी ओढलंच नसतं. पण ओरिन, एक विचारू? आठ वर्षं मनात आहे. पेपरात अकरा होत्या. बारावी तुला कुठनं ठाऊक?"

साहेब त्याच्याकडं बघत नव्हते, म्हणून बरं. "असंच," तो म्हणाला. "कानावर आलं होतं."

"कानावर, हां." ते उठले, जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून दार लोटून गेले. "म्हातारीला फोन कर. दुसऱ्या कुणाकडनं कळायला नको."

फोन समोर होता आणि बाहेर सभागृहाची घंटा वाजली. बारा. सोमवार नव्हता, शनिवार. शनिवारी फोन आला म्हटल्यावर ती ओळखेलच. त्यानं काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, खोडलं, परत लिहिलं. आम्हाला कळवण्यास खेद वाटतो, छे! कागद चुरगाळून टोपलीत टाकला. मग नंबर फिरवला आणि तिकडं घंटी वाजत असताना त्याच्या लक्षात आलं की खोलीतला पंखा बंद आहे. कुणीतरी खोकी बांधताना पिन काढून ठेवली होती. फोन ठेवावा आणि पंखा लावून यावा असं फार वाटलं, पण तिकडून कुणीतरी हॅलो म्हटलं होतं.

"कोण? हॅस्केटसाहेब? आज शनिवारी कसे?"

"मिस इडेला. बातमी आहे. चांगली नाही."

"मेलं का?"

"हो. चौदा कमी. पडली. चुकी माझी होती. नंबर चुकीचा घातला. मी." तो थांबला. "साहेबही चाललेत. आता परत. मांडणारं कुणी नाही. मला माफ करा."

 तिच्या मागे कुठंतरी भांडी वाजत होती. जेवणाची वेळ. मग ती म्हणाली, "चुकीच्या नंबराखाली कशाचं बिल होतं?"

"टर्कीच्या. खाद्याचं."

आधी त्याला वाटलं तिला ठसका लागला. पण ती हसत होती, खोकत होती आणि हसत होती. "टर्की! अगं बाई! माझं पदक टर्कीनं खाल्लं! थांबा, हे मला सगळ्यांना सांगायला हवं." हसणं ओसरल्यावर तिनं श्वास गोळा केला, आणि पुढं बोलली तेव्हा आवाज बदलला होता. "आज पंखा नाही का रे लावलास?"

ओरिननं काढून ठेवलेल्या पिनेकडं बघितलं.

"एरवी तुझ्यामागं पंखा घुमतो. आज नाही, म्हणून नीट ऐकू येतंय. चार शब्द बोलतोस, थांबतोस. चार शब्द, थांबतोस. पहिल्या फोनपासनं तसाच. वर्तमानपत्रात अकरा होत्या पोरा. बारावी होती हे ध्यानात ठेवणारी दोघंच. एक मी. आणि दुसरा तो, आरशातनं माझ्याकडं टकामका बघणारा."

त्याला उत्तर द्यायचं होतं. पण बोलायलाही श्वास लागतो आणि तो मिळत नव्हता. फोनच्या पलीकडं ती थांबली होती, घाई न करता. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "तू तुझं काम कर. मी इथंच आहे."

"तुम्हाला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "आठ वर्षं. मग बोलला का नाहीत?"

"तू बोलला नाहीस ना. म्हटलं, असेल काही त्याच्या मनात. सांगेल तेव्हा सांगेल."

मग त्यानं विचारलं. चव्वेचाळीस वर्षं विचारायचं राहिलेलं, एका दमात विचारता आलं नाही, तीन तुकडे पडले. "त्या दिवशी. वॉटर स्ट्रीटवर. घरी कोण होतं तुमच्या?"

"आई होती. अय्या, हे घेऊन बसला होतास की काय? तिला शेजारच्या डीकननं पोत्यासारखं खांद्यावर टाकून चर्चच्या माळ्यावर नेलं. नव्वद वर्षं जगली आणि शेवटपर्यंत मला बोल लावत होती, का तर नऊ कोंबड्या वाहून गेल्या. तू दवाखान्यात काय करत होतीस, म्हणायची, माझ्या कोंबड्या मेल्या तिकडं! माझं शिवणयंत्रही गेलं. आणि नोकरी गेली. खाली धुणावळीत दोनशे चादरी बुडाल्या ना, माझ्या ताब्यातल्या. मुकादम म्हणाला, तुला वर कुणी बोलावलं होतं? दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा मी दाराबाहेर. म्हणून अकरा." ती खोकली. "वाईट वाटलं होतं तेव्हा. खोटं कशाला सांगू? फार वाटलं होतं. फोटोचं नाही. पोर जगलं का मेलं ते मला कुणी सांगितलं नाही. तुला गाडीत घालून नेलं, आणि संपलं. छत्तीस वर्षं. मग एका सोमवारी फोन आला, चार शब्द बोलतो आणि थांबतो."

ओरिननं डोळे पुसले नाहीत. हाताशी रुमाल होता तरी. बाहेर सभागृहात आता टर्कीचं बिल पुकारलं जात असेल, ते त्याच्या डोक्यात आलं आणि गेलं.

"पदक द्यायचं होतं. तुमच्या हातात," तो म्हणाला.

"पदकाचं काय करू रे मी? इथं कपाटाला कुलूप नाही. हे बघ, मला जेवायला बोलावतायत. सोमवारी फोन येणार आहे का नाही, ते सांग."

"कशासाठी, मिस इडेला? बिल तर मेलं."

"बिल मेलं ना? तू आहेस ना? मग कर."